सहवासाचा दाखला

"माणसं खोटं बोलतात, जंतू बोलत नाहीत." हे वाक्य मी पुण्यातल्या एका परिषदेत म्हटलं होतं आणि त्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला होता. मी भाषणं वाईट करतो, त्यामुळं टाळ्या मिळाल्या की मला फार आनंद होतो आणि डोकं चालेनासं होतं. त्या वाक्याचं पुढं काय झालं, ते सांगायला आज बसलो आहे.

मी शिरीष मिरजकर, सूक्ष्मजीवशास्त्राचा माणूस. कष्टकरी बालपूरक योजना सुरू झाली तेव्हा मी प्रयोगशाळेत होतो. योजना चांगली होती, हे आधी सांगतो. कमी पगारावर राबणाऱ्या आईबापांच्या घरात चौदा वर्षांखालचं मूल असेल, तर सरकार त्यांच्या पगारात दरमहा भर घालणार. अटी दोनच. आईबाप कामावर हवेत आणि मूल त्यांच्याजवळ राहत असलं पाहिजे. पहिली अट तपासणं सोपं होतं, कारखान्याची हजेरी आपोआप येत होती. दुसरीनं मात्र सरकारच्या नाकी नऊ आणले. एकच पोर तीन घरांत दिसायला लागलं. चुलता पुतणीला आपली म्हणे, मामा भाच्याला. दारादारावर कॅमेरे लावायची टूम निघाली, तेव्हा लोकांनी मोर्चे काढले. मग सरकार आमच्याकडं आलं.

आमच्याकडं उत्तर तयार होतं. आपल्या प्रत्येकाच्या तोंडात शेकडो जातींचे जंतू राहतात. जाती बहुतेक सगळ्यांच्या सारख्याच असतात, पण वाण वेगळे. तांदूळ सगळीकडं तांदूळच, तरी आजऱ्याचा घनसाळ खाणारा माणूस डोळे मिटूनही तो ओळखतो, तसंच हे. बाळ जन्मतं तेव्हा त्याचं तोंड जवळजवळ कोरं असतं. मग ज्याच्या ताटात ते जेवतं, ज्याच्या कुशीत झोपतं, जो त्याचे पापे घेतो, त्याचे वाण त्याच्या तोंडात रुजतात. सहवास तुटला की तीनेक महिन्यांत ते मागं पडतात आणि नव्या माणसाचे वाण जागा धरतात. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा, त्यातल्या जंतूंची जनुकं वाचायची आणि मुलाच्या नि मोठ्या माणसाच्या तोंडात किती वाण सामायिक आहेत ते मोजायचं. त्याला आम्ही सहवास निर्देशांक म्हणायचो. यंत्र डब्याच्या पिशवीत मावेल एवढं, निकाल चाळीस मिनिटांत. पॉइंट तीन किंवा त्याहून जास्त आला तर मूल त्या माणसाजवळ राहतं. तो पॉइंट तीन ठरवणाऱ्या कागदावर चार सह्या आहेत. तिसरी माझी.

फसवणूक दोन वर्षांत आटोक्यात आली. मला बढती मिळाली आणि फेरतपासणी अधिकारी म्हणून कोल्हापूरला धाडण्यात आलं. ज्यांचा निकाल विरुद्ध गेला त्यांच्या घरी जायचं, पुन्हा नमुना घ्यायचा, शेरा लिहायचा, एवढं काम. ऋतुजा दोरुगडेचा अर्ज मार्चमध्ये माझ्यापुढं आला.

आजऱ्याच्या बाहेर काजू कारखान्यांच्या मागं सहा खोल्यांची एक ओळ आहे. त्यातल्या चौथ्या खोलीत ती राहत होती. सव्वीस वर्षांची, अंगानं काटकुळी, बोटांची टोकं काळीकुट्ट. नवरा ट्रक घेऊन गोव्याला गेला तो तिकडंच दुसरा संसार मांडून बसला, हे तिनं दारातच सांगून टाकलं. मला ते विचारायचंच होतं, तिनं माझं काम वाचवलं.

"तुमचं मशीन बिघडलंय साहेब," ती म्हणाली. "माझी पोर माझ्याजवळ न्हाई, तर मग कुणाजवळ हाय?"

मी पुन्हा नमुने घेतले. पोरीचं नाव जुई, वय साडेचार. आईशी निर्देशांक आला पॉइंट अकरा, म्हणजे हव्या त्याच्या निम्माही नाही, पहिल्या वेळेइतकाच. यंत्र मग नियमाप्रमाणं गल्लीतल्या सगळ्यांच्या साठवलेल्या नमुन्यांशी ताडून पाहतं. तिसऱ्या खोलीतल्या छाया सुतार या बाईंशी आला पॉइंट अठ्ठावन्न. यंत्राच्या मते जुई तिसऱ्या खोलीत राहत होती.

"झोपते कुठं ही?" मी विचारलं.

"हितंच की, माझ्याजवळ." तिनं दोन गाद्या दाखवल्या. मधे हातभर जागा सोडलेली होती.

"एवढं अंतर का?"

तिनं नुसते हात पुढं केले.

काजूच्या टरफलात तेल असतं. ते कातडीला लागलं की भाजल्यासारखे फोड येतात. आता बी फोडायला यंत्रं आली आहेत, पण वाकडी नि बारीक बी यंत्र तशीच बाहेर टाकतं आणि ती बायका हातानं फोडतात. हाताला एरंडेल लावतात, राख चोळतात, तरी तेल आपलं काम करतंच. जुई पाच महिन्यांची असताना ऋतुजा एकदा कामावरून धावत आली आणि हात न धुता तिनं पोरीला उचललं. पोरीचा गाल भाजला. डाव्या कानाखाली अजून तो पांढुरका डाग होता.

त्या दिवसापासून ऋतुजानं पोरीला हात लावणं जवळजवळ बंद केलं होतं. घरी आली की राखेनं हात, मग साबणानं हात, मग कारखान्यातलं जंतुनाशक, वर सुती मोजे. जेवण चमच्यानं, वेगळ्या ताटलीत. आपल्या ताटातला घास कधी नाही, कारण तो आपल्या बोटांनी मोडलेला.

"पापा?" मी विचारलं. माझा मलाच संकोच वाटला.

"रविवारी घेतो की," ती म्हणाली. तिकडच्या बायका स्वतःला पुरुषासारख्या 'घेतो, जातो' म्हणतात. "शनिवारी सुट्टी मिळाली तर. दोन दिवस गेलं की तेल जरा उतरतंय."

तेवढ्यात छायाक्का आली. साठीची, धिप्पाड, शाळेत पोषण आहार शिजवून निवृत्त झालेली विधवा. मूलबाळ नाही. कडेवर जुई, हातात दूधभाकरीचं ताट. अर्धा घास स्वतः खाई, अर्धा पोरीच्या तोंडात घाली, आणि दोघींचं जेवण एकाच वेळी चाललेलं. सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत जुई तिच्याजवळ असे.

"तुम्ही सांभाळायचे पैसे घेता का?" हाही रकाना होता.

"पैसं घेतलं तर ती नोकरी झाली की," छायाक्का म्हणाली. "पोरगी खेळाय येतीया. पोरीचं कुणी पैसं घेतंय व्हय?"

एव्हाना सगळं माझ्या ध्यानात आलं होतं. यंत्र बिघडलेलं नव्हतं. एका आईनं पोरीला भाजू नये म्हणून स्वतःला चार वर्षं दूर ठेवलं होतं आणि आमच्या यंत्रानं ते अंतर बिनचूक मोजलं होतं. छायाक्का कामावर नव्हती, म्हणून भर तिलाही मिळणार नव्हती. फेरतपासणीनंतरच्या अंतिम चाचणीतही निकाल विरुद्ध गेला की जुईची नोंद 'अन्यत्र वास्तव्य' अशी व्हायची आणि मग ऋतुजाला आपलंच मूल आपलं म्हणून दाखवायला कोर्टात जावं लागलं असतं. भर गेली तर खोलीही सुटणार होती. हे सगळं मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं. रकाना दोनशे अक्षरांचा होता, त्यामुळं काटछाट करून लिहिलं. आठवड्यानं उत्तर आलं. शेरा ग्राह्य नाही, नव्वद दिवसांनी अंतिम चाचणी.

उत्तर घेऊन मी स्वतः आजऱ्याला गेलो. पत्र पाठवून भागलं असतं, पण माझ्यातला मास्तर जागा झाला होता. शहाण्यासारखं मी दोघींना समोर बसवलं आणि सगळं समजावलं. जंतू कसे रुजतात, कसे मागं पडतात. आणि मग म्हणालो, "नव्वद दिवस पुरेसे आहेत. ऋतुजाताई, बी फोडायचं काम सोडा, प्रतवारीला जा, तिथं तेल नाही. पोरीला एका ताटात घेऊन जेवा, एका गादीवर झोपा. आणि छायाक्का, तुम्ही..."

"मी लांब ऱ्हायाचं," छायाक्का म्हणाली.

"नव्वद दिवस फक्त."

"फक्त काय वो साहेब? तीन महिनं म्हंजे पावसाळ्यापातूर." ती ऋतुजाकडं वळली. "रडतीस कशाला गं? पोरगी तुझीच हाय. मी काय तिला संगं घिऊन चाललोय व्हय?"

ही माझी चूक. मी त्यांना परीक्षेची उत्तरं सांगितली आणि दोघी इतक्या प्रामाणिक की त्यांनी ती अक्षरशः पाठ केली.

मे महिन्यात गडहिंग्लजला दुसरी प्रकरणं होती, तेव्हा विजेच्या एसटीनं पुढं आजऱ्याला गेलो. आधी कारखान्याचं पाळणाघर पाहिलं, कारण जुई आता दिवसभर तिथं असे. खोली स्वच्छ, हवेशीर, भिंतीवर ससे. आयांच्या हातात मोजे, तोंडाला मास्क, आणि एकही आया कुठल्या पोराला कडेवर घेत नव्हती. एक पोर पडलं, तर आयानं खाली बसून त्याला तोंडानंच समजावलं.

"हा नियम कुणाचा?" मी विचारलं.

"आईबापांचाच," आया म्हणाली. "आमचा हात लागला तर त्येंचा आकडा पडतोय म्हणत्यात. पयल्यांदा आम्हास्नीबी कसंतरी वाटायचं. आता सवय झाली."

मी पॉइंट तीन ठरवला तेव्हा अशी खोली माझ्या स्वप्नातही आली नव्हती. मुलाचा आकडा टिकवायचा सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे त्याला दुसऱ्या कुणीच हात न लावणं, हे मला साध्या गणितानं कळायला हवं होतं. मला लाज वाटली, आणि ती मी तिथंच ठेवून पुढं गेलो, कारण अधिकाऱ्याला लाज बाळगायला रकाना नसतो.

ऋतुजा दुपारच्या सुट्टीत भेटली. हात उजळले होते. प्रतवारीला पगार कमी, पण हाताला नुसता काजूचा गोड वास.

"पयल्या दिवशी घास दिला, तर तोंड फिरवून बसली," ती सांगत होती. "म्हणाली, आई, तुझा हात पोळतोय. मी म्हणालो, आता न्हाई पोळत, लावून बघ. तर बोटानं हळूच लावून बघितलं. आठ दिवस अशी रोज लावून बघायची. आता एका ताटात जेवतो आम्ही. झोपताना माझा कान धरून झोपती." ती हसली. मी तिला हसताना पहिल्यांदाच पाहत होतो. "साहेब, मला ठावंच नव्हतं तिच्या अंगाला कसा वास येतोय ते."

"आणि अक्का?"

तिचं हसू गेलं.

पहिले पाच दिवस जुई पाळणाघरातून आली की तडक तिसऱ्या खोलीकडं पळे. छायाक्का आतून कडी घाली. पोरगी दाराला कपाळ लावून अक्का, अक्का करत बसे आणि छायाक्का आत जमिनीवर बसून राही. ऋतुजा ओढून नेई. सहाव्या दिवशी छायाक्कानं खिडकी उघडली आणि म्हणाली, "जुई, मला रोग झालाय. तुझ्या गालावर आला हुता तसा फोड येतोय. माझ्याजवळ आलीस तर तुझं सगळं अंग भाजंल." पोरीनं आपल्या कानाखालच्या डागाला हात लावला आणि चार पावलं मागं सरकली. पुन्हा दाराशी गेली नाही.

"मी न्हाई सांगितलं असं बोलाय," ऋतुजा म्हणाली. "अक्कानं आपल्याच मनानं सांगितलं. मी म्हणालो, अक्का, असं कशाला? तर म्हणाली, रडणं तरी थांबलं का न्हाई?"

मी तिसऱ्या खोलीत डोकावलो नाही. जायला हवं होतं.

जूनच्या अखेरीस अंतिम चाचणी झाली. मी दुसऱ्या कुणाला पाठवलं नाही. चाळीस मिनिटं आम्ही तिघं चौथ्या खोलीत बसलो, जुई आईच्या मांडीत. यंत्रानं आकडा दाखवला. आई, पॉइंट सदतीस. छाया सुतार, पॉइंट झिरो सहा.

"पास?" ऋतुजानं विचारलं.

"पास," मी म्हणालो. भर पुन्हा सुरू, मागची थकलेली भरही मिळणार, नोंद कायम. मी दाखला छापून तिच्या हातात दिला. तिनं तो कपाळाला लावला आणि पोरीला इतकं घट्ट धरलं की पोरगी कुरकुरली. मग उठून तिनं मोठ्यानं हाक मारली. "अक्का! अगं अक्का, पास झालो! ये की!"

छायाक्का बाहेर आली. तीन महिन्यांत तिचा पदर अंगावर सैल झाला होता. ती ओट्याच्या कडेला थांबली. हात पुढं आले आणि तसेच राहिले, कारण जुई आईच्या मागं गेली होती.

"जुई, जा की," ऋतुजा म्हणाली. "अक्का हाय."

पोरगी आईच्या साडीआडून बघत राहिली. घाबरलेली नव्हती. आजारी माणसाच्या जवळ जायचं नसतं हे शहाण्या मुलाला कळतं, तसं तिला कळत होतं एवढंच.

छायाक्कानं हात खाली घेतले आणि माझ्याकडं पाहिलं. "साहेब, आता परत तपासणी कवा?"

"तीन महिन्यांनी."

"आणि मग?"

"दर तीन महिन्यांनी. ती चौदा वर्षांची होईपर्यंत."

"म्हंजे ही माझ्याकडं ऱ्हायाय लागली तर परत मशीन माझंच नाव सांगणार."

"आठवड्यातून एकदा तास-दोन तास भेटली तर काही होत नाही," मी म्हणालो. "फक्त एका ताटात नको. कडेवर नको. पापा नको."

"मग ती भेट कसली वो?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला ऐकायला सोपं गेलं असतं.

मी सांगितलं की पुण्याला मी लिहिलं आहे, समिती नेमली आहे, अशा घरांसाठी दोन माणसांचा एकत्र आकडा धरावा असा प्रस्ताव आहे. सगळं खरं होतं. समितीची पहिली बैठक दिवाळीनंतर होती.

ऋतुजा मधेच उभी होती. तिला खरं सांगायचं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. रोगबिग काही नाही, अक्का तुझ्यासाठी खोटं बोलली, जा, बिलग तिला, एवढंच म्हणायचं होतं. पण साडीआडची पोर तिला तीन महिन्यांपूर्वी मिळाली होती. कान धरून झोपणारी पोर. आणि सोमवारी पुन्हा कामावर जायचं होतं, पोर पुन्हा तिसऱ्या खोलीकडं पळाली असती. ती बोलली नाही. मी तिला दोष देत नाही, मीही तिथंच उभा होतो आणि मीही बोललो नाही.

जुई आईच्या आडून एक पाऊल पुढं आली. हातभर अंतर राखून थांबली, मान वर केली आणि विचारलं, "अक्का, बरी झालीस?"

छायाक्कानं ऋतुजाकडं पाहिलं, तिच्या हातातल्या दाखल्याकडं पाहिलं. मग ओट्यावर बसली आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

"न्हाई गं बाई," ती म्हणाली. "अजून न्हाई."